सिंह नाही म्हणून चमचा नकली ठरत नाही

आपला जुना चांदीचा चमचा खरंच आयरिश आहे का, असं इथे एकांनी विचारलंय. त्यावर सिंहाचा ठसा नाही, म्हणजे तो आयरिश नाही, नकली आहे, असं दुसऱ्या कुणी ठामपणे लिहिलंय. कृपा करून एवढ्यावरून तो मोडीत घालू नका! चालता सिंह ही इंग्लंडची खूण. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या चांदीवर मुकुट घातलेली हार्प, म्हणजे ते उभं तंतुवाद्य, शोधायची. तिथल्या सोनारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, तेव्हापासूनची ही खूण.

१७३० मध्ये चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर बसला आणि तो भरल्याची खूण म्हणून हायबर्नियाचा, म्हणजे आयर्लंडचं प्रतीक असलेल्या बसलेल्या स्त्रीचा ठसा आला. ती इंग्लंडच्या ब्रिटानियासारखीच दिसते, त्यामुळे इथे भलेभले फसतात. भिंगातून तिच्या शेजारी नीट बघा. हार्प असेल तर हायबर्निया, ढाल असेल तर ब्रिटानिया. १८०७ ते १८९० या काळात राजाच्या किंवा राणीच्या चेहऱ्याचा ठसाही सोबत यायचा.

कॉर्क आणि लिमरिक या आयर्लंडमधल्या दुसऱ्या शहरांचं गणित वेगळं. ठसे मारून घ्यायला डब्लिनला जायचं तर रस्ता लांबचा आणि जोखमीचा, म्हणून तिथले बरेच कारागीर स्वतःच्या नावाची अक्षरं आणि ‘स्टर्लिंग’ (ठरलेल्या शुद्धतेची चांदी) हा शब्द ठोकून मोकळे होत. तो शब्द दिसला की लोक लगेच अमेरिकन माल म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझा सगळ्यात जीव आहे तो डिश रिंगवर. गरम भांड्याने टेबलाचं पॉलिश जाऊ नये म्हणून खाली ठेवायची ही जाळीदार चांदीची अडणीच. तिला ‘बटाट्याची रिंग’ म्हणणं मात्र चूक.

तुमच्या चमच्याच्या दांड्याच्या मागचा फोटो तिरप्या उजेडात काढा आणि इथे पाठवा. त्याआधी पॉलिश अजिबात करू नका, ठसे झिजतात.