सी प्रोग्रामिंगचे लेक्चर बुडवले, आता लॅबमध्ये नुसता स्क्रीनकडे बघत बसतो, पाच आठवड्यांत काही होईल का?

सेमीकोलन_विसरलो

फर्स्ट इयर इंजिनिअरिंग, पहिलं सेम. ऍडमिशन कॅपच्या तिसऱ्या राऊंडला झाली त्यामुळे मी पोचलो तेव्हा कॉलेज सुरू होऊन आठवडा झालेला. सीचे पहिले दोन-तीन लेक्चर केले, प्रिंटएफने नाव छापा, दोन नंबरांची बेरीज करा असलं चाललेलं, मला वाटलं हॅ हे तर काहीच नाही. त्यात लेक्चर सकाळी सव्वाआठचं आणि मेसचा चहाच आठला येतो. मग रूममेट माझी प्रॉक्सी मारायला लागला आणि मी झोपायला लागलो, खरं तेच सांगतो.

दिवाळीला चार दिवस म्हणून घरी गेलो (गाव कोकणात), तिथे भातकापणीला माणसं मिळेनात म्हणून थांबलो ते बारा दिवसांनी परत आलो. आलो तर फळ्यावर फंक्शनला ऍरे पास करणं चालू होतं आणि मला फॉर लूपच्या कंसात तीन गोष्टी का असतात तेच माहीत नव्हतं.

प्रॅक्टिकलची फाइल मात्र पूर्ण आहे हां. व्हॉट्सऍप ग्रुपवर सिनियरची पीडीएफ फिरते त्यातून उतरवली, जिथे आउटपुट नव्हतं तिथे चॅटजीपीटीकडून कोड घेतला. मागच्या आठवड्यात मॅडमनी फाइल बघितली आणि विचारलं, फॅक्टोरियलला रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच परत बोलावणं) का वापरलंस, आपण तर अजून शिकलो नाही. मी गप्प. त्या पण काही बोलल्या नाहीत, नुसतं पान उलटलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इनसेमला (सेमच्या मधली परीक्षा) ३० पैकी ७. परवा लॅबमध्ये टेस्ट होती, दिलेली संख्या उलटी करा, म्हणजे ४७२ दिली की २७४ यायला पाहिजे. मी इन्क्लूडची ओळ लिहिली, मेन लिहिलं, कंस उघडला, कंस बंद केला आणि चाळीस मिनिटं त्या दोन कंसांच्या मधे बघत बसलो. शेजारचा पोरगा डिप्लोमावाला नाही की काही नाही, माझ्यासारखाच बारावीतून आलेला, त्याने दहा मिनिटांत केला.

दुसरं एक, फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला, एरर येत नाही, रन होतो, पण उत्तर कायम ०. काहीही टाका, ०. फॉर्म्युला बरोबर आहे, ५/९ गुणिले (एफ वजा ३२), दहा वेळा तपासला.

घरी अजून काही सांगितलं नाहीये. एंडसेमला पाच आठवडे आहेत. कुठून सुरू करू, यूट्यूबवर तीस तासांची प्लेलिस्ट सेव्ह करून ठेवलीय ती बघू का?

रात्रपाळी_डेव्हलपर

प्लेलिस्ट सेव्ह केलीस म्हणजे अर्धा अभ्यास झालाच की 😄

सॉरी, माझ्याकडे पण आहे तसली एक, सेकंड इयरपासूनची.

दोनदा_केटी

भावा, मी या विषयात दोनदा आपटलोय त्यामुळे माझं ऐक, हुशार लोकांचं नको ऐकूस.

आधी तुझा शून्य. ५ पण पूर्णांक, ९ पण पूर्णांक, आणि सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच येतं, पॉइंटनंतरचं फेकून देतो तो. ५/९ म्हणजे ०.५५ नाही, ०. मग ० ला काहीही गुण, शून्यच. ५.० लिही, एका पॉइंटचं काम आहे. एवढ्यासाठी मी थर्ड इयरच्या एका दादाला चहा-वडापाव चारला होता.

तीस तासांच्या प्लेलिस्टचं म्हणशील तर नको. मी पहिल्या केटीच्या (राहिलेला विषय परत देण्याच्या) वेळी तेच केलं. व्हिडिओत तो माणूस टाइप करतो, रन करतो, आउटपुट येतं, आणि आपण मान डोलावतो, हां समजलं. समजलेलं असतंच, पण ते त्याच्या हाताला. आपल्यापुढे कोरी स्क्रीन आली की परत तेच दोन कंस. विहिरीच्या काठावर बसून पोरांना पोहताना बघण्यासारखं आहे ते, तू कोकणातला आहेस तुला वेगळं सांगायला नको.

माझं गाडं सुटलं ते वहीने. लॅपटॉप बंद, आखीव वही, आणि ड्राय रन. तुझाच उलट्या संख्येचा घे. तीन रकाने आख, एन, शेवटचा अंक, रेव्ह. सुरुवातीला एन ४७२ आणि रेव्ह ०. एन % १० केलं (म्हणजे १० ने भागून उरलेली बाकी) की शेवटचा अंक मिळतो, २. आता रेव्ह म्हणजे जुना रेव्ह गुणिले १० अधिक तो अंक, ० गुणिले १० अधिक २, झाले २. मग एन ला १० ने भाग, ४७ उरले (बघ, इथे तोच पॉइंट फेकून देण्याचा त्रास कामाला येतो). दुसरी ओळ, अंक ७, रेव्ह २७, एन ४. तिसरी ओळ, अंक ४, रेव्ह २७४, एन ०. एन शून्य झाला की थांब. बास, हाच प्रोग्राम आहे. जे तू हाताने तीनदा केलंस ते व्हाइलच्या (अट खरी असेपर्यंत तेच परत परत करणारा लूप) आत टाकायचं, जिथे थांबलास ती व्हाइलची अट.

आणि आता १२० घेऊन कर. काय येतं ते इथे लिही. व्हायवाला एक्स्टर्नलने मला हेच विचारलं होतं आणि मी छाती फुगवून ०२१ सांगितलं.

पास_होण्याशी_मतलब

हे सगळं छान आहे पण पाच आठवड्यांत बाकीचे चार विषय पण आहेत ना, एम-वन आहे, मेकॅनिक्स आहे. मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर काढ, अल्गोरिदम आणि फ्लोचार्ट, डेटा टाइप्स, व्हाइल आणि डू-व्हाइलमधला फरक, कॉल बाय व्हॅल्यू कॉल बाय रेफरन्स, हे फिरून फिरून येतं. थिअरी नीट लिहिली की निघतो विषय. प्रोग्राम लोक पाठ करतात आणि पास होतात, माझ्या डोळ्यांसमोर झालेत. प्रोग्रामिंग शिकायचं ते सुट्टीत शिक निवांत.

दोनदा_केटी

पाठ करून मी पण गेलो होतो रे. पाठ होता सगळ्यात मोठी संख्या शोधण्याचा, पेपरात आली दुसरी सगळ्यात मोठी.

लॅब_मॅडम

मी एका कॉलेजमध्ये हाच विषय शिकवते, तुझ्या कॉलेजात नाही, घाबरू नकोस.

पास होण्याशी मतलब यांचं अगदीच चूक नाही, जुने पेपर बघायलाच हवेत. पण पुढच्या सेमला डेटा स्ट्रक्चर किंवा दुसरी लँग्वेज समोर आली की हा खड्डा तिथेच असतो, उलट रुंद झालेला असतो. मेकॅनिक्सचं एक युनिट सोडलं तर दुसरं वाचता येतं, इथे लूप सोडला तर ऍरे नाही, ऍरे नाही तर स्ट्रिंग नाही. मुलं पॉइंटरवर अडकलोय म्हणून येतात आणि दोन प्रश्न विचारले की कळतं अडकलेत लूपवरच.

तुला एक सांगते जे मुलांना पटत नाही. तुमच्या मॅडमना रिकर्शनवरूनच सगळं कळलेलं आहे. पान उलटलं म्हणजे सोडून दिलं असं नाही, आम्ही वाट बघतो, येतो का स्वतःहून. त्यांना जाऊन सरळ सांग, लेक्चर बुडवले, लूपपासून येत नाही, रिकाम्या स्लॉटला लॅबमध्ये बसू का. कारणं सांगत बसू नकोस, भातकापणी पण नको. मशीन बहुतेक वेळा रिकामी असतात आणि अशा मुलाला नाही म्हणावंसं वाटत नाही.

कोड कुठूनही आणलास तरी फाइलमध्ये लावण्याआधी एक कर, त्यातली एक ओळ पुसून टाक आणि काय बिघडेल ते आधी सांग, मग रन कर. स्कॅनएफमधला & काढून बघ. फॉरच्या कंसानंतर चुकून ; टाकून बघ, एकही एरर येणार नाही पण लूप एकटाच पळून येईल आणि आतलं काम एकदाच होईल. इफमध्ये == च्या जागी = टाकून बघ. या तीन चुकांपायी माझ्या लॅबमध्ये प्रत्येक बॅचचा अर्धा तास जातो आणि मुलं म्हणतात मॅडम कंपायलर खराब आहे.

एरर आल्या तर सगळ्यात वरची पहिली वाच फक्त. सत्तावीस एरर दिसतात त्यातल्या पंचवीस त्या पहिलीची पिल्लं असतात. आणि ज्या ओळीचा नंबर दिलाय तिथे काही सापडत नसेल तर तिच्या वरच्या ओळीला सेमीकोलन आहे का बघ (तुझं नाव वाचून हसले मी).

तुमच्याकडे अजून निळ्या स्क्रीनचा टर्बो सी (जुना कंपायलर) आहे का? असेल तर ८ चं फॅक्टोरियल काढ, उणे २५२१६ येईल. तुझी चूक नाही ती, त्यात इंट ३२७६७ पर्यंतच जातो, ४०३२० त्यात मावत नाही. घरच्या लॅपटॉपवर जीसीसी या नव्या कंपायलरमध्ये तोच प्रोग्राम १२ पर्यंत बरोबर चालेल आणि १३ ला गडबडेल. असं काही दिसलं की घाबरण्याऐवजी मजा वाटायला लागली तर समज गाडी लागली रुळावर.

बव्हेरियातला_पाटील

मी इथे जर्मनीत मास्टर्स करतोय आणि फर्स्ट इयरच्या प्रोग्रामिंगच्या ट्युटोरियलला मदत करतो, तिथला अनुभव सांगतो. आमच्याकडे लेक्चरला हजेरीच नाही, आलात तर आलात नाही तर नाही, अर्धा हॉल नोव्हेंबरलाच रिकामा होतो. पण दर आठवड्याला एक एक्सरसाइज शीट असतं, सोडवून द्यायचं, आणि आमच्या कोर्सला त्यात निम्मे मार्क झाल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत. म्हणजे लेक्चर बुडवून पण पास होणारे आहेत, शीट बुडवून पास झालेला मी अजून पाहिला नाही. तुझं लेक्चर बुडाल्याचं मला एवढं काही वाटत नाही, फाइल उतरवलीस ते मात्र वाटतं. तेच तुझं शीट होतं.

पायथन ट्यूटर म्हणून साइट आहे, नाव पायथन असलं तरी सी पण चालतं त्यात, कोड टाकला की एकेक ओळ पुढे जाते आणि कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते डब्यांत दिसतं. केटीवाल्या दादाची वहीच आहे ती, फक्त आधी वहीत कर आणि मग ताडून बघ, उलटं नको.

रात्रपाळी_डेव्हलपर

आता सिरियसली. इंग्लिशमुळे अडत असेल तर आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियलवर सीचे मराठीतून व्हिडिओ आहेत, छोटे छोटे आहेत, थांबवत थांबवत सोबत टाइप करता येतं. मी मराठी मीडियमचा, इटरेशन म्हणजे काय हे मला सेमभर कळलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. नुसतं फेरी म्हणाले असते तर पहिल्या दिवशी कळलं असतं.

सेमीकोलन_विसरलो

सगळ्यांना थँक्यू, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. नऊ दिवसांनी लिहितोय.

५.० केलं, चाललं. ९८.६ टाकलं तर ३७ आलं, रूममेटला उठवून दाखवलं, त्याने शिवी घातली.

दादा, १२० चे २१ येतात. वहीत केलं. पुढचा शून्य संख्येला काही अर्थच देत नाही म्हणून तो जातो. बरोबर ना?

लॅब मॅडम, तुम्ही सांगितलंत तसं गेलो आमच्या मॅडमकडे. भातकापणीचं नाही बोललो. त्या म्हणाल्या मंगळवार-गुरुवार तीन ते पाच लॅब रिकामी असते, येऊन बस, पण मी उत्तर सांगणार नाही. आणि खरंच नाही सांगत, मागे येऊन उभ्या राहतात आणि विचारतात "आत्ता आय या व्हेरिएबलची किंमत किती?" आणि निघून जातात. पहिल्या दिवशी राग आला. टर्बो सीच आहे आमच्याकडे, उणे २५२१६ आलं!! मी मुद्दाम शेजारच्या पोराला विचारलं असं का येतं, त्याला पण माहीत नव्हतं, दहा मिनिटांत संख्या उलटी करणाऱ्याला. बरं वाटलं थोडं, खोटं कशाला बोलू.

सव्वाआठच्या लेक्चरला जातो आता, समजत काही नाही अजून, फंक्शन चालू आहे, पण जातो. घरी आईला सांगितलंय, बाबांना ती सांगणार आहे.

आता अडलोय पॅलिंड्रोमवर (उलटी केली तरी तीच राहणारी संख्या). उलटी संख्या काढायचा भाग तोच ठेवला, खाली इफ टाकला, एन आणि रेव्ह सारखे असतील तर हो, नाही तर नाही. == च टाकलंय, तपासलं. पण १२१ टाकलं तरी नाही म्हणतो, १३३१ ला पण नाही. फक्त ० टाकला की हो म्हणतो. रेव्ह प्रिंट करून बघितला तर तो बरोबर १२१ आहे. मग सारखे का नाहीत? तासभर झाला.

दोनदा_केटी

वही कुठंय?

सेमीकोलन_विसरलो

मेसमध्ये राहिली, आणतो.

सेमीकोलन_विसरलो

अरे यार. शेवटच्या ओळीला एन ० झालाय.