अनुभव धागा : ऊस, नदी आणि आपला अर्ज

घटप्रभाकाठ: इथं बेळगावकडं नदीच्या पुलावर परत साखर कारखान्याच्या सांडपाण्याचा तोच वास, म्हणून १९९८ आठवलं. त्या ऑगस्टात केंद्रानं साखर कारखान्यांची परवानापद्धत काढून टाकली. दोन कारखान्यांत १५ किलोमीटर अंतर असलं की झालं. कारखाने वाढले, उसाला गिऱ्हाईक वाढलं, ते चांगलंच. पण सांडपाण्याचे कागद ज्यानं मागता येतात तो केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ ला आला. तुमच्याकडं काय चालतंय, कुठं अडतंय, नेमकं लिहा.

चिकोडीवाला: पाण्याचा नमुना दोन ठिकाणचा घ्या, कारखान्याचा नाला नदीला मिळतो त्याच्या वर एक, खाली एक. वरचा नसला की "घाण गावाची" म्हणून कारखानेवाले मोकळे होतात. बाटली पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरा, बुडबुडा राहता कामा नये. बर्फात ठेवून २४ तासांत लॅबला. नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी (म्हणजे घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते तो आकडा) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, शेतात १००. आपली बाटली कोर्टात चालत नाही हे ध्यानात ठेवा. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१: प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानंच, कारखान्याला नोटीस देऊन घेतलेला नमुना लागतो. आपला आकडा त्यांना बोलवायला.

निपाणी_ताई: माहिती अधिकार: १० रुपये, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. कर्नाटकचा नियम आहे. "घाण पाणी का सोडलं?" विचारलं की अर्ज फुकट, कागद मागा: मंडळानं कारखान्याला दिलेल्या संमतीपत्राची प्रत, तपासणी अहवाल. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

खानापूरकर: आणि मराठीत लिहू नका ओ! माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी नाहीतर त्या भागाची राजभाषा. म्हणजे आपल्याकडं कन्नड. मन दुखतंय, पण अर्ज परत येण्यापेक्षा बरं.

रायबाग_शिवार: कन्नडात कोण लिहून देतंय?

खानापूरकर: तालुका कचेरीसमोरचा टायपिंगवाला.

अथणी१०एचपी: रान खराब होतंय त्यात सगळा दोष कारखान्याचा नाही बघा. १० एचपीपर्यंत पंपाला वीज फुकट, ऑटो स्टार्टर (वीज आली की पंप आपोआप सुरू) लावून रातभर पाट चालू. काळ्या रानात निचरा नसला की मीठ वर येतं. आधी चर काढा, मगच जिप्सम, म्हणजे खारवट रान सुधारायची पूड. निचऱ्याशिवाय टाकलेलं जिप्सम वाया जातंय.

निपाणी_ताई: हे लई खरं.

घटप्रभाकाठ: नवा कारखाना येणार असेल आणि त्याची जनसुनावणी असेल तर तिची नोटीस किमान ३० दिवस आधी पेपरात येते. पर्यावरणावरच्या परिणामाचा मसुदा अहवाल डीसी (जिल्हाधिकारी) कचेरीत आणि जिल्हा पंचायतीत बघायला मिळतो. लेखी हरकत द्या, पोच घ्या. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, तोवर उठू नका. आपला मुद्दा गळला असेल तर तिथंच सांगा.

रायबाग_शिवार: तोडीची टोळी आली काय ओ तुमच्याकडं? इथं अजून पत्ता नाही.