मदत हवी आहे : दरोड्याचे मूक प्रसंग सुचवा

ज्यूल्स डॅसिन यांच्या ‘रिफिफी’ या चित्रपटात (१९५५) पॅरिसच्या जवाहिऱ्याकडची चोरी जवळपास अर्धा तास चालते, ना संवाद, ना पार्श्वसंगीत. वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक पाडून मिटलेली छत्री खाली सोडतात. ती उघडली की पडणारा मलबा तिच्यातच झेलला जातो. काय कमाल सुचलंय! अलार्म किती नाजूक आहे हे आधी दाखवलेलं असतं, म्हणून जरा खुट्ट झालं तरी श्वास अडकतो. बेत आधीच पूर्ण सांगितला, तर तो कुठेतरी बिघडावाच लागतो. नाहीतर तेच दोनदा पाहिल्यासारखं होतं.

हिंदी-मराठीत असा किमान दहा मिनिटांचा मूक प्रसंग कोणत्या चित्रपटात आहे? नाव आणि अंदाजे कितव्या मिनिटाला, तेही सांगा. गाण्यावर कापलेले तुकडे नकोत.