मदत हवी आहे : ऑकलंडमध्ये समुद्राजवळचं उपनगर, दोन मुलांसह

शुभदा_न
नमस्कार. नवऱ्याची ऑकलंडला बदली नक्की झाली आहे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. दोन मुलं आहेत. समुद्राजवळच राहायचं यावर घरात एकमत आहे. यादीत टाकापुना, ब्राउन्स बे, मिशन बे आणि हॉविक अशी चार नावं आहेत. चारही ठिकाणी शाळा चांगल्या असंच सगळीकडे लिहिलेलं आहे, त्यावरून काहीच ठरत नाही. कंपनी तीन आठवडे हॉटेल देणार, तेवढ्यात घर मिळवायचं. शुक्रवारपर्यंत रिलोकेशनवाल्यांना एक नाव कळवायचं आहे. कृपया थेट नाव सांगा.

खाडीकाठ
नाव सांगता येईल, पण आधी हे सांगा. ऑफिस नेमकं कुठे? मुलांची वयं? आठवड्याचं भाडं किती झेपेल? (तिथे भाडं आठवड्याच्या हिशोबाने असतं.) गाडी एक की दोन? तुमच्या यादीतली पहिली दोन गावं हार्बर ब्रिजच्या उत्तरेला आहेत, उरलेली दोन दक्षिणेला. उत्तर किनाऱ्यावर रेल्वे नाही. नॉर्दर्न बसवे (फक्त बससाठीचा रस्ता) आहे, तो उत्तम आहे, पण तो शहराच्या मध्यभागी जाणाऱ्यांच्या कामाचा. पुलाच्या चुकीच्या बाजूला घर घेतलं तर समुद्र रविवारीच दिसेल.

शुभदा_न
ऑफिस ऑकलंडमध्येच आहे. मुलगी पाचवीत, मुलगा सीनियर केजीत. भाड्याचं बघू, आधी जागा ठरू दे.

टिळकरोड
मग प्रश्नच नाही. मैरांगी बे किंवा मरेज बे. मरेज बे स्कूल इयर (म्हणजे इयत्ता) १ ते ६, मरेज बे इंटरमिजिएट इयर ७-८ आणि रांगिटोटो कॉलेज (तिथे कॉलेज म्हणजे माध्यमिक शाळा) इयर ९ ते १३, तिन्ही शेजारी शेजारी. दोन्ही मुलं एकाच रस्त्याने चालत जातील आणि बारावीपर्यंत घर बदलावं लागणार नाही. तुमच्या यादीतलं ब्राउन्स बे तिथून जवळच आहे, पण तिथे कुठल्या गल्लीत घर घेता यावर रांगिटोटो मिळणार की लाँग बे कॉलेज, हे ठरतं. म्हणून शाळेच्या वेबसाइटवर झोनचा (प्रवेशासाठी ठरलेल्या हद्दीचा) नकाशा असतो त्यात घराचा पूर्ण पत्ता टाकून बघा. उपनगराच्या नावावर विसंबू नका.

मुलीची जन्मतारीख महत्त्वाची आहे. तिथलं वर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू होतं. तेव्हा दहा पूर्ण असतील तर साधारण इयर ६, अकरा पूर्ण असतील तर इयर ७. म्हणजे एक तर वर्षभरात शाळा बदलणार, नाहीतर थेट इंटरमिजिएटच. एकट्या प्राथमिक शाळेचा झोन बघून उपयोग नाही, तिन्ही बघा. मुलगा पाच वर्षांचा झाला असेल तर सरळ इयर १.

दर्यावर्दी
रांगिटोटोच्या नावापायी लोक मरेज बेला छोट्या, जुन्या घरात दाटीवाटीने राहतात. न्यूझीलंडमधली सर्वांत मोठी माध्यमिक शाळा आहे ती, प्रत्येक मूल तिथे रमेलच असं नाही. त्याच भाड्यात फांगापाराओआ द्वीपकल्पावर अंगण असलेलं घर मिळतं आणि दोन्ही बाजूंना समुद्र. एकदा नकाशा उघडून बघा.

खाडीकाठ
घर मिळतं हे खरं, पण द्वीपकल्पावरून बाहेर पडायला रस्ता एकच आहे आणि सकाळी तो तुंबतो. नवा जोडरस्ता बांधताहेत, तो वापरात आल्याशिवाय हा हिशोब मांडू नका. डेव्हनपोर्टचीही तीच गत, सगळी गर्दी लेक रोडवर. तिथे निदान शहरात जायला फेरी आहे, बारा-पंधरा मिनिटांत पोचवते.

सह्यकडा
मुलांसाठी मेलबर्नचा विचार का नाही करत? ब्राइटन, हॅम्प्टन, सँडरिंगहॅम हा पट्टा सुरेख आहे. समुद्राला लागून ट्रेन आहे, मराठी मंडळीही खूप.

शुभदा_न
बदली ऑकलंडला आहे. मेलबर्नला नाही.

अनुराधा_७
सँडरिंगहॅम ऑकलंडमध्येही आहे, तिथे भारतीय किराणा भरपूर मिळतो. पोहे, गोडा मसाला, कढीपत्ता, सगळं.

खाडीकाठ
पण ऑकलंडचं सँडरिंगहॅम समुद्रावर नाही, शहराच्या आतल्या भागात आहे. शुभदाताई, यादीत ते चढवू नका. किराणा पंधरा दिवसांनी एकदा गाडीने जाऊन आणता येतो, त्यासाठी उपनगर निवडायचं कारण नाही. आणि ऑफिसचा पत्ता अजून आलेला नाही. "ऑकलंडमध्येच" म्हणजे उत्तर-दक्षिण पन्नास-साठ किलोमीटरचा पसारा.

शुभदा_न
ह्यांना विचारलं. पेनरोझ. आठवड्यातून चार दिवस जावं लागेल, सकाळी आठला. गाडी सुरुवातीला एकच.

खाडीकाठ
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. टाकापुना, ब्राउन्स बे, मैरांगी बे सगळं खोडा. पेनरोझ शहराच्या दक्षिणेला आहे. उत्तरेकडून आधी पूल, मग शहरातला गुंता, मग सदर्न मोटरवे. नवी मुंबईत राहून रोज बोरिवलीला जाण्यासारखं होईल. जोराच्या वाऱ्यात पुलाच्या काही लेन बंद करतात, त्या दिवशी तर विचारूच नका.

तुमच्यासाठी दोनच पट्टे. एक, मिशन बे, कोहिमारामा, सेंट हेलियर्स, ग्लेनडोई. शाळा पत्त्यानुसार, सेल्विन कॉलेज किंवा ग्लेनडोई कॉलेज. इथून पेनरोझ गाडीने जवळ पडतं, पण भाडं सगळ्यांत चढं. दोन, हॉविक, बकलँड्स बीच, ईस्टर्न बीच. वाइपुना पूल ओलांडून साउथ-ईस्टर्न हायवेने पेनरोझच्या दिशेला जाता येतं. पुलावर सकाळी रांग लागते, म्हणून सातच्या आसपास निघावं. या भागातही रेल्वे नाही. एक गाडी नवऱ्याबरोबर गेली की तुम्ही शाळा आणि दुकानं पायी जमतील अशाच गल्लीत असायला हव्यात. ऑकलंडची उपनगरं चढउताराची आहेत, नकाशावरचे आठशे मीटर कधी कधी दमछाक करणारे असतात.

टिळकरोड
नोकरी दोन वर्षांत बदलेल, शाळा आठ-दहा वर्षांची असते. मी तरी अजून मरेज बेच सांगेन.

अनुराधा_७
आणि नवऱ्याने रोज दोन-अडीच तास गाडीत घालवायचे? शाळाच बघायची तर बकलँड्स बीचला मॅकलीन्स कॉलेज आहे. त्यालाही लोक झोन बघून घर घेतात. पाकुरांगा कॉलेज, हॉविक कॉलेज आहेत. शाळा फक्त उत्तर किनाऱ्यावर नाहीत.

टिळकरोड
मॅकलीन्सला नाव ठेवत नाही. पण झोन तिथेही काटेकोर, हे लक्षात असू द्या. भाडेकरार, विजेचं बिल, पासपोर्ट, व्हिसा, लसीकरणाची नोंद, सगळं मागतात. नुसतं प्रवेशापुरतं झोनमध्ये तात्पुरतं घर दाखवलं आणि शाळेच्या लक्षात आलं तर प्रवेश रद्द करण्याचा अधिकार शाळेला आहे. हॉटेलचा पत्ता चालत नाही. शिवाय डिसेंबरच्या मध्यापासून शाळा बंद असतात, जानेवारीतही बरेच दिवस ऑफिसात सहसा कोणी नसतं. आत्ताच दोन-तीन शाळांना ईमेल करून कागदांची यादी मागवा, करार झाला की त्याच दिवशी पाठवा.

उत्तरायण
घर पूर्वाभिमुख बघा. मुख्य दार दक्षिणेला नको. परक्या देशात मुलांच्या तब्येतीसाठी हे आधी पाहावं.

अनुराधा_७
तब्येतीचाच विषय निघाला म्हणून. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. बैठकीची खोली आणि मुलांच्या खोल्या उत्तरेला उघडत असतील तर हिवाळ्यात घर कोरडं राहतं. दक्षिणेकडच्या खोल्यांना जून ते ऑगस्ट ऊन मिळत नाही, मग भिंतींवर काळी बुरशी धरते आणि लहान मुलांची छाती भरते. समुद्राकडचं सुंदर दृश्य दक्षिणेला असलेली घरंही असतात. दृश्यावर भाळू नका.

घर बघायला जाल तेव्हा:
कपाटांची दारं उघडून वास घ्या. कुबट वास आला तर पुढे बघूच नका.
पडद्यांची मागची बाजू आणि खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा बघा, काळे ठिपके तिथे पहिल्यांदा येतात. ताज्या रंगाचा एकच पट्टा दिसला तर कारण विचारा.
बैठकीच्या खोलीत पक्का बसवलेला हीटर हवा, खोली १८ अंशांपर्यंत गरम करू शकणारा. बहुतेक घरांत हीट पंप (गरम हवाही देणारा एसी) असतो, चालवून बघा. समुद्राकाठच्या घरात त्याचं बाहेरचं युनिट खाऱ्या वाऱ्याने गंजतं, मागे जाऊन तेही बघा.
स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात बाहेर हवा फेकणारा पंखा आहे का. आपल्या फोडण्या आणि कुकर यांची वाफ घरातच राहिली तर बुरशीला तेवढंच पुरतं.
प्लास्टरच्या सपाट भिंती, छपराला पुढे आलेली पागोळी नाही आणि बांधकाम १९९०च्या दशकातलं किंवा २०००च्या सुरुवातीचं असेल तर जास्त काळजीपूर्वक बघा. त्या काळात भिंतीत पाणी शिरणारी पुष्कळ घरं बांधली गेली.

भाड्याच्या घरांना हेल्दी होम्स नियम लागू आहेत. हीटर, इन्शुलेशन, हवा खेळणं, ओल आणि निचरा, फटी बुजवणं, सगळं त्यात येतं. करारासोबत त्याचं लेखी निवेदन मिळालं पाहिजे. नसेल तर सही करू नका.

शुभदा_न
बापरे. डिपॉझिट किती तयार ठेवायचं?

खाडीकाठ
बाँड (तिथलं डिपॉझिट) जास्तीत जास्त चार आठवड्यांचं भाडं, आगाऊ भाडं जास्तीत जास्त दोन आठवड्यांचं. म्हणजे सहा आठवड्यांचं भाडं हाताशी असू द्या. बाँड घरमालकाकडे राहत नाही, त्याने तो टेनन्सी सर्व्हिसेस या सरकारी विभागाकडे भरायचा असतो. भरल्याची पोच मागा. एजंट भाडेकरूकडून लेटिंग फी (दलाली) घेऊ शकत नाही, कोणी मागितली तर नकार द्या. घरं ट्रेड मी या साइटवर दिसतात, पण न बघता, भारतातून पैसे पाठवून घर पक्कं करू नका. नोकरीचं पत्र, भारतातल्या घरमालकाचं किंवा सोसायटीचं शिफारसपत्र इंग्रजीत आणि बँकेचं स्टेटमेंट पीडीएफ करून ठेवा. चांगल्या घराला त्याच दिवशी अर्ज जातात, कागद नसला की मागे पडता.

दर्यावर्दी
समुद्राजवळ म्हणून जाताय तर समुद्राचंही बघून घ्या, आतापर्यंत कोणी बोललेलं नाही. २७ जानेवारी २०२३ला ऑकलंडला महापूर आला, पाठोपाठ फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळ. सखल भागांत घरांत पाणी शिरलं, कड्यांवरच्या घरांखालची माती घसरली. ऑकलंड कौन्सिलचा फ्लड व्ह्यूअर नावाचा नकाशा आहे, पत्ता टाकला की पाणी कुठून वाहतं ते दिसतं. भाड्याचं घर असलं तरी बघा. कड्याच्या टोकावरचं घर मुलांसह नको, कुंपण कितीही चांगलं असो.

पाऊस पडला की गटाराचं आणि रस्त्याचं पाणी समुद्रात येतं. जोराच्या पावसानंतर दोन दिवस मुलांना पाण्यात सोडू नका. सेफस्विम नावाच्या साइटवर प्रत्येक किनाऱ्याची त्या क्षणाची स्थिती असते. आणि भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे, तीन मीटरपर्यंत जातो. बकलँड्स बीचला ओहोटीला चिखल आणि शिंपले, पोहायचं तर भरतीच्या आसपास. वाळू हवी तर शेजारचं ईस्टर्न बीच बरं. पूर्वेकडचे हे किनारे शांत आहेत. पिहा, मुरिवाई, कारेकारे हे पश्चिमेचे काळ्या वाळूचे किनारे वेगळे, तिथे ओढणारे प्रवाह असतात. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं.

सह्यकडा
ईस्टर्न बीचवर तिसऱ्या मिळतात असं ऐकलंय. मालवणी मसाला सोबत न्यावा म्हणतो पुढच्या वेळी.

दर्यावर्दी
ईस्टर्न बीचवरून तिसऱ्या गोळा करायला पूर्ण बंदी आहे, अनेक वर्षांपासून. उत्तरेकडे लाँग बे-ओकुरा हे सागरी अभयारण्य आहे, तिथूनही काही उचलता येत नाही. इतरत्र दिवसाला किती हे ठरवून दिलेलं असतं, मत्स्यविभागाची मर्यादा आधी बघायची. मसाला नेलात तर विमानतळावर जाहीर करा. खाण्याची वस्तू न सांगता नेली तर जागीच ४०० डॉलर दंड होतो.

मृदगंध
एक गोष्ट राहिली. शाळा नऊ ते तीन असते. चौदा वर्षांखालच्या मुलांना योग्य देखरेखीशिवाय घरी ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, दहा वर्षांच्या मुलीच्या भरवशावर धाकट्याला ठेवता येणार नाही. शुभदाताई, तुम्हीही नोकरी करणार असाल तर शाळेनंतरच्या ऑस्कर केंद्रात जागा आहे का, हे शाळेला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा, तिथेही प्रतीक्षायादी असते. दर दहा आठवड्यांनी दोन आठवडे सुट्टी येते, तेव्हाची सोयही विचारा. उन्हाची टोपी आत्ताच घेऊन ठेवू नका, बऱ्याच शाळांची ठरलेली टोपी असते आणि उन्हाळ्यात ती नसेल तर मैदानावर खेळू देत नाहीत. तिथलं ऊन सौम्य वाटतं, पण अतिनील किरणांचा निर्देशांक उन्हाळ्यात ११च्या वर जातो. समुद्रावर पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला.

गाडीत सात वर्षांपर्यंत मुलासाठी सीट सक्तीची आहे. विमानतळावरून टॅक्सी ठरवतानाच सीट हवी म्हणून सांगून ठेवा.

शुभदा_न
मी लगेच नोकरी करणार नाही. बकलँड्स बीच आणि ईस्टर्न बीच कळवते, सेंट हेलियर्स भाडं बघून. झोन मॅकलीन्सचा पकडायचा ना?

खाडीकाठ
हो, पण मुलीला आधी इंटरमिजिएट लागेल, तिचा झोन वेगळा असू शकतो. घर मिळालं की पूर्ण पत्ता प्राथमिक, इंटरमिजिएट आणि मॅकलीन्स, तिन्ही नकाशांत टाका, सही त्यानंतर. आणि व्हिसा कोणता, किती मुदतीचा, हे तुम्ही अजून लिहिलेलं नाही. मुलांना स्थानिक विद्यार्थी म्हणून शाळेत बसायला बहुतेक वेळा वडिलांच्या वर्क व्हिसावर आधारित स्टुडंट व्हिसा लागतो. त्यासाठी पगाराची किमान मर्यादा असते आणि ती बदलत असते. आई-वडिलांपैकी एकाचा वर्क व्हिसा दोन वर्षांचा किंवा जास्त असेल तर सरकारी आरोग्यसेवेलाही मुलं पात्र होतात. हे दोन्ही इमिग्रेशन न्यूझीलंडच्या साइटवर आज बघा आणि इथे मुदत लिहा, मग पुढचं सांगतो.