दारू आणि पोट : घरातले, स्वतःचे अनुभव

अवनी
काल माळा आवरताना गुलाबी अँटासिडची अर्धी बाटली सापडली. बाबा रोज रात्री दोन पेग घ्यायचे आणि सकाळी उठल्याउठल्या ही बाटली तोंडाला. 'जरा ॲसिडिटी आहे', बस. मग गुडघ्यासाठी आठवडाभर पेनकिलर घेतल्या, त्याही त्याच पोटावर. शी डांबरासारखी काळी, चिकट व्हायला लागली. लोहाच्या गोळ्यांमुळे असेल म्हणून आम्ही दोन दिवस घालवले. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले तेव्हा हिमोग्लोबिन 6.2. अल्सरमधून रक्त जात होतं. वाचले, पण ते दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत. तुमच्याकडे काय झालं, कधी लक्षात आलं, लिहा ना.

शिंपला
अगं लोहानंही काळी होतेच, तुम्हाला कसं कळणार? लावून घेऊ नकोस.

निवांत
मी रात्री दोनला छाती धरून उठायचो. हार्ट वाटून दोनदा ईसीजी काढला. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप दारूनं सैल पडते, आडवं झालं की आम्ल वर येतं. त्यात 'हलकी' म्हणून बिअर घ्यायचो. डॉक्टर म्हणाले, आंबवलेल्या पेयांनी आम्ल उलट जास्त सुटतं. सोडून 14 महिने झाले. सलग झोपतो आता.

देवचाफा
जुलाबांबद्दल कुणी बोलतच नाही!! मला दुसऱ्या दिवशी हमखास. आतडी घाईनं पुढे ढकलतात, पाणी शोषलंच जात नाही. आणि नवऱ्याइतकीच घेतली तरी मला आधी चढायची. बायकांच्या अंगात पाणी कमी, म्हणून रक्तात प्रमाण जास्त होतं म्हणे. बाळ उठलं, येते नंतर

एकांडा
स्वादुपिंड. बेंबीच्या वर दुखायला लागलं ते आरपार पाठीत. उताणं झोपता येईना, पुढे वाकून बसलं की जरा बरं. रक्तात लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य, प्रचंड वाढलेलं. त्याआधी माझं पोट कधीही दुखलं नव्हतं, हेच सांगायचंय.

फिरस्ता
एकांडा, यावरून आठवलं. 1822 मध्ये अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला गोळी लागली. जखम भरली, पण जठरात उघडणारं भोक राहून गेलं. विल्यम बोमाँट हे डॉक्टर त्यातून कितीतरी वर्षं आत बघत होते. भरपूर पिणं झालं की अस्तर लालभडक, चट्टे उठलेलं दिसायचं, आणि सेंट मार्टिनला मात्र फारसं काही जाणवत नसायचं. 1833 मध्ये छापलंय त्यांनी हे.

शिंपला
बापरे, भोक घेऊन? जगला का तो?

फिरस्ता
1880 पर्यंत. बोमाँट त्याच्या आधी गेले.

मृद्गंध
एंडोस्कोपी, तोंडातून नळी घालून पोट आतून बघतात ती, दुखते का? सोमवारी आहे. फार भीती वाटतेय

देवचाफा
आले. दुखत नाही गं, ओकारी येते थोडी. घशात स्प्रे मारून बधिर करतात, डाव्या कुशीवर झोपवतात. नाकानं सावकाश श्वास घे. माझी पाच-सात मिनिटांत झाली. झोपेचं औषधही देतात, विचार. सोबत कुणाला तरी ने.

निवांत
पेनकिलर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांग त्यांना.

मृद्गंध
डोकेदुखीवर घेतेय रोज. सांगते नक्की.

पाऊलवाट
धाकटा भाऊ रात्रभर ओकत होता, पहाटे रक्त आलं. ओकाऱ्यांच्या जोरानं अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर गेली होती. तो म्हणतो, रिकाम्या पोटी घेतली म्हणून झालं, आता जेवून घेईन. जेवल्यावर दारू आतड्यात हळू उतरते, चढते उशिरा, हे खरं. पण शेवटी रक्तात जातेच ना. त्याला कसं सांगू?

अवनी
पाऊलवाट, बाबांना बोलायला सांगू का त्याच्याशी? आमचं ते ऐकत नसत, पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं ऐकलं त्यांनी.
मृद्गंध, सोमवारी झाली की लिही हं.
बाटली बाबांना दाखवली आज. काही बोलले नाहीत. बेसिनमध्ये ओतली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

पाऊलवाट
सांग ना. रविवारी घरी असतो तो.