हार्ड-सॉफ्ट फेराइट कंपोझिट: लूप गुळगुळीत आला म्हणजे मॅग्नेट सुधारला का?

चुंबकवेडा (धागाकर्ता)

एप्रिल २०२५मध्ये चीनने डिस्प्रोशियम, टर्बियम, समेरियमसकट सात रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. तेव्हापासून 'रेअर अर्थविना चुंबक' हे पालुपद जो तो आळवतोय. त्यात एक हमखास दावा असतो: हार्ड फेराइटमध्ये (चुंबकपणा सहज न सोडणाऱ्या लोह-ऑक्साइडमध्ये) सॉफ्ट फेराइट (सहज उलटणारं) मिसळा, एक्स्चेंज कपलिंग (दोघांच्या कणांची चुंबकीय जोडी) साधा, चुंबक तगडा होईल.

कल्पना जुनी आणि सुंदर आहे. क्नेलर आणि हाविग यांनी १९९१ साली ती मांडली. हार्ड कण उलट्या क्षेत्राला दाद देत नाहीत, सॉफ्ट कणांचं चुंबकन जास्त असतं. दोन्ही पुरेसे बारीक आणि एकमेकांना भिडलेले असले, तर सीमेवरचे स्पिन (अणूंची इवली चुंबकं) एकमेकांना धरून ठेवतात आणि सॉफ्ट भाग हार्ड भागाच्या तालावर चालतो. पण हे लोखंडासारख्या सॉफ्ट पदार्थाला शोभतं, त्याचं संपृक्त (शक्य तितकं कमाल) चुंबकन २.१५ टेस्ला. फेराइटमध्ये फेराइट घालून काय हाती लागणार?

हिशेब करा. स्ट्रॉन्शियम हेक्साफेराइट या हार्ड फेराइटचं संपृक्त चुंबकन सुमारे ०.४७५ टेस्ला. एनर्जी प्रॉडक्टची (चुंबकाच्या ताकदीच्या मापाची) सैद्धांतिक कमाल ४५ किलोज्यूल प्रति घनमीटर. त्यात आकारमानाने २० टक्के मॅग्नेटाइट हे सॉफ्ट फेराइट (०.६ टेस्ला) घाला. सरासरी ०.५ टेस्ला, कमाल ५०. सगळं जमून आलं तरी पाचाची कमाई, आणि कोअर्सिव्हिटी (उलट्या क्षेत्रात टिकण्याची ताकद) घसरते ती वेगळीच. निओडिमियम चुंबक ३००च्या पुढे आहेत. माझ्या मते चुंबक म्हणून हा रस्ता बंद आहे.

सोलजेल_ताई

सर, हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. तुमचं ४५ हे सगळे कण एका दिशेला लावल्यावरचं आहे. कण वाट्टेल तसे पसरलेले असतील तर रेमनन्स (क्षेत्र काढल्यावर उरणारं चुंबकन) निम्मा होतो आणि कमाल चौथाईवर येते, म्हणजे ११च्या आसपास. कपलिंगचा खरा फायदा इथे आहे: दिशा न लावताही रेमनन्सचं संपृक्त चुंबकनाशी गुणोत्तर ०.५च्या वर नेता येतं.

शिवाय हेक्साफेराइटच्या रचनेतच स्पिनेलसारखे (मॅग्नेटाइटच्या स्फटिकरचनेचे) थर असतात, त्यामुळे स्पिनेल फेराइट त्यावर जवळजवळ सांधा न दिसता बसू शकतं. लोखंडाचं तसं नाही. तापवलं की ते हेक्साफेराइटमधला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हार्ड फेजच बिघडते.

फरक डोळ्यांना दिसतो. दोन्ही पावडरी खलात घोटून व्हीएसएमवर (चुंबकन मोजायच्या यंत्रावर) लावल्या की लूप (क्षेत्र उलटसुलट फिरवताना येणारा चुंबकनाचा आलेख) कमरेत आवळलेला येतो. त्याउलट धातूंचे नायट्रेट एका बीकरमध्ये सायट्रिक ॲसिडबरोबर घेतले, अमोनियाने पीएच सातवर आणला, जेल पेटून फुगलेली राख ९५० अंशांवर भाजली, की तोच लूप सलग येतो. डीएम-डीएचच्या (लूपच्या उताराच्या) आलेखात दोनऐवजी एकच शिखर.

चुंबकवेडा

ताई, त्या एका शिखरावरच माझा आक्षेप आहे! सलग लूप म्हणजे कपलिंग, असं धरून चालणारे शोधनिबंध ढिगाने आहेत. दोन फेजच्या कोअर्सिव्हिटी जवळ आल्या तरी लूप सलग दिसतो. द्विध्रुवी आकर्षणही (कणांची दुरून होणारी चुंबकीय ओढ) खोड्या करतं. हेंकेल प्लॉट (कणांचा एकमेकांवरचा परिणाम तपासणारा आलेख) काढलात का? त्यातला डेल्टा-एम (कण सुटे असते तर आला असता त्या आकड्यापासूनचा फरक) धन आला तर बोलू.

आणि भट्टीचं काय? हेक्साफेराइटमधली डोमेन वॉल (वेगळ्या चुंबकीय दिशांच्या दोन भागांमधली सीमा) जेमतेम १४ नॅनोमीटर. सॉफ्ट कण तिच्या दुपटीच्या आत, म्हणजे साधारण २५-३० नॅनोमीटर हवेत. ९५० अंशांवर तासन्‌तास भाजल्यावर तुमचे कण एवढे लहान राहिलेत, हे टीईएमवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) पाहिलंय, की एक्सआरडीच्या (क्ष-किरण चाचणीच्या) शिखराच्या जाडीवरून ठरवलंय?

भोसरीकर

मी मोटारवाला, थिअरी बाजूला ठेवतो. कारखान्यात फेराइट मॅग्नेट ओल्या लगद्यातून, चुंबकीय क्षेत्रात दाबून, वर १२०० अंशांच्या आसपास सिंटर करून (भाजून घट्ट करून) निघतो. दिशा तिथेच लागते आणि ३०-३५ किलोज्यूल सहज मिळतात. ताईंचे ११ वाढून १५ झाले, तरी मी ते कुठे लावू?

दुसरं, निबंधात सगळं 'इएमयू प्रति ग्रॅम'मध्ये (वजनामागच्या चुंबकनात) असतं. पावडर सच्छिद्र असली तरी आकडा झोकात दिसतो. मोटारीत मोजून जागा असते, ग्रॅम कोण बघतो?

आणि फेराइटची कोअर्सिव्हिटी थंडीत कमी होते, निओडिमियमच्या अगदी उलट. कडाक्याच्या थंडीत सकाळी मोटार सुरू करताना करंटचा झटका बसला की आधीच कमी केलेली कोअर्सिव्हिटी महागात पडते.

रडारप्रेमी

सगळे चुंबक-चुंबक का करताय? हीच कंपोझिट मायक्रोवेव्ह शोषणासाठी बघा. तिथे एनर्जी प्रॉडक्ट कोणाला हवाय? हार्ड-सॉफ्टचं प्रमाण बदलून अनुनाद (शोषण कोणत्या फ्रिक्वेन्सीला होतं ते) आणि लॉस हलवता येतात. एक्स बँडसाठी, म्हणजे ८ ते १२ गिगाहर्ट्झला, हे कामाचं आहे.

चुंबकवेडा

शोषणाला माझा विरोध नाही. मग निबंधाच्या शीर्षकात 'परमनंट मॅग्नेट' लिहू नका, एवढंच.

सोलजेल_ताई

भोसरीकर दादा, सिंटर केलेल्या मोटार मॅग्नेटशी माझी स्पर्धा नाहीच. प्लास्टिकमध्ये मिसळून मोल्ड करायच्या, दिशा न लावलेल्या मॅग्नेटमध्ये ११चे १५ हा मोठा फरक आहे. सेन्सरच्या कड्या, छोटे पंखे... तिथे क्षेत्र लावणारा साचा परवडत नाही. पावडरीच्या आकड्याबद्दल मान्य, घनतेशिवाय तो छापूच नये.

सर, हेंकेलबद्दल मात्र असहमत. त्यामागचं वोलफार्थचं नातं एकअक्षीय (चुंबकनाची एकच सोपी रेषा असलेल्या), सिंगल-डोमेन (आत वेगळ्या दिशांचे भाग नसलेल्या) कणांचं. आमच्या सॉफ्ट स्पिनेलचा स्फटिक क्युबिक (अनेक सोप्या रेषांचा), त्यातले मोठे कण मल्टी-डोमेन. तिथे डेल्टा-एम ऋण आला म्हणून कपलिंग नाहीच, असं कसं म्हणणार? त्यापेक्षा रिकॉइल बघू. उलटं क्षेत्र थोडं वाढवायचं, काढून घ्यायचं आणि चुंबकन किती परत उसळतं ते मोजायचं. अशा चुंबकांना 'एक्स्चेंज स्प्रिंग' हे नाव त्यावरूनच पडलंय.

टीईएमचा मुद्दा खरा आहे. आमचे मोठे कण १०० नॅनोमीटरच्या वर जातात. म्हणून आता भाजण्याचं तापमान ८००वर आणून बघतेय, पण तिथे हेमाटाइट (फेराइट न झालेला लोह-ऑक्साइड) पूर्ण जात नाही.

चुंबकवेडा

मग ८०० अंशांच्या नमुन्याचे रिकॉइल टाका, आणि शेजारी खलात घोटलेल्या मिश्रणाचेही. दोन्ही एकाच आलेखात, प्रति घनसेंटिमीटर.