ब्लोअर लावला की मिनी ट्रॅक्टर गरम होतोय

निफाडकर: दादांनो, द्राक्षबागेत मिनी ट्रॅक्टर आहे, रोटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) मारताना ठीक चालतो पण ब्लोअर (औषध फवारायचं पंख्याचं यंत्र) लावला की तापमानाचा काटा लालवर जातो, पाणी तर भरलेलं असतं, काय बघू?

बागाईतदार: भाऊ आधी रेडिएटरची जाळी बघा, ब्लोअरसाठी पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजार फिरवणारा दांडा) ५४० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ५४० फेऱ्यांनी, सलग चालतो, इंजिनावर लोड असतो आणि त्यात औषध, पालापाचोळा जाळीत बसून हवाच अडते. इंजिनाच्या बाजूनं बाहेर हवा मारा, प्रेशर वॉशर जवळून नको, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या (फिन) वाकतात.

तासगाववाला: फॅन बेल्ट ढिला असंल तरी असंच होतं. नुसतं पाणी नका घालू, आतून गंज धरतो, कूलंट (इंजिन थंड ठेवायचं द्रव) टाका. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका!

निफाडकर: जाळीवर औषधाचा पांढरा थर आहे, आजच साफ करतो.